सुभेदारी कोणाची?

स्मरणिकेच्या संपादकांचा दरवर्षीप्रमाणे फोन आला. "काका, यंदा लेख हवाच. पण सहलीचं वर्णन नको." गेली तीन वर्षे मी अलास्का, युरोप आणि चारधाम यांची वर्णने दिली असल्यामुळे टोला बरोबर लागला. मग ठरवले की यंदा कुठेही न जाता, इथेच मॉरिसव्हिलमध्ये बसून, जो प्रश्न वर्षभर मला छळतो आहे तोच मांडावा. प्रश्न तसा जुनाच आहे. आपण एखाद्याला आपल्या वतीने कारभार पाहायला नेमले, तो माणूस तिथेच राहिला, रुजला, केस पांढरे झाले, तर तो आपला कारभारी कुठपर्यंत असतो, आणि मालक कधी होतो?

हा प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकात भेटला नाही, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर भेटला. पण ते नंतर सांगतो. आधी इतिहास, कारण तिथे भांडण दुसऱ्यांचे असते आणि डोके थंड राहते.

आपण एव्हिएशन पार्कवेवरच्या देवळात येतो, नातवंडांना चर्च स्ट्रीट पार्कवर क्रिकेटला सोडतो, घरपट्टी वेक काउंटीला भरतो. पण हे 'वेक' नाव कुठून आले, याची चौकशी मीही पंचवीस वर्षांत कधी केली नव्हती. इंग्लंडच्या राजाने नेमलेला नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर विल्यम ट्रायन, त्याच्या बायकोचे माहेरचे नाव मार्गारेट वेक. १७७१ मध्ये ही काउंटी झाली तेव्हा तिचे नाव दिले गेले. म्हणजे आपण सगळे एका सुभेदारणीच्या नावाने राहतो, म्हणा ना!

हा ट्रायन कारभारात हुशार होता. त्याने न्यू बर्नला लोकांच्या करातून एक राजवाडा बांधला. आतल्या मुलखातले शेतकरी आधीच शेरीफ आणि कचेरीतल्या कारकुनांच्या लुबाडणुकीने गांजलेले होते. त्यात हा राजवाडा! त्यांनी 'रेग्युलेटर' या नावाने संघटना उभारली, अर्ज-विनंत्या केल्या, पुढे दंगेही केले. १६ मे १७७१ रोजी अलामान्सच्या मैदानावर ट्रायनने त्यांना मोडून काढले आणि नंतर सहा जणांना हिल्सबरोला फाशी दिले. आपण ज्या हिल्सबरोला पानगळीचे रंग बघायला जातो तेच हे. आणि गंमत अशी की, या सगळ्यानंतर लवकरच ट्रायनसाहेब बदलीवर न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निघून गेले. राजवाड्यात राहायला त्यांना जेमतेम वर्षभर मिळाले. कर्ज मात्र मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर.

त्याच्यामागून आलेला जोसाया मार्टिन १७७५ मध्ये न्यू बर्न सोडून पळाला. १७७६ मध्ये लोकांनी स्वतःची राज्यघटना केली तेव्हा त्यांना गव्हर्नर या शब्दाचीच इतकी धास्ती होती की, त्यांनी त्याची मुदत एका वर्षाची ठेवली, निवड विधिमंडळाकडे दिली, आणि सहा वर्षांत तीनपेक्षा जास्त वर्षे बसायचे नाही असा नियम घातला. विधेयक रोखण्याचा अधिकार तर त्याला १९९६ साली मतदारांनी कौल दिल्यावर मिळाला. सगळ्या राज्यांत शेवटी! ट्रायनचे भूत सव्वादोनशे वर्षे उतरले नाही असे म्हणायला हरकत नाही.

तर इंग्रजांच्या सुभेदारीतला दोष उघड आहे. वरून आलेला माणूस, वरच्यांना जबाबदार, आणि उद्या दुसरीकडे जाणार. ज्या जमिनीवर तो हुकूम चालवतो त्या जमिनीशी त्याचे काही देणे-घेणे नाही.

आपल्या मराठी राज्यात नेमके उलटे घडले. शिवाजी महाराजांना हा धोका फार लवकर कळला होता. जहागिरी तोडून देण्यापेक्षा खजिन्यातून पगार देण्याकडे त्यांचा कल होता. किल्ल्यावर एकच अधिकारी न ठेवता हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे ठेवायचे, म्हणजे कोणा एकाच्या मनात आले तरी किल्ला शत्रूला देता येऊ नये. याला अविश्वास म्हणावे की शहाणपण? मला वाटते दोन्ही. माणसावर विश्वास ठेवायचा पण त्याला मोहाच्या तोंडी एकटे सोडायचे नाही, असे ते धोरण होते.

पण १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि औरंगजेब मराठ्यांना वतनांची लालूच दाखवू लागला. मग आपल्यालाही तेच करावे लागले. जो मुलूख जिंकेल त्याचे इनाम, त्याचे सरंजाम. पगार द्यायला खजिनाच नव्हता, तेव्हा दुसरे काय देणार? त्या धामधुमीत विशाळगडावरून राज्य सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे 'आज्ञापत्र' लिहिले. त्यात वतनदारांविषयीचा भाग वाचताना जाणवते की, हा मनुष्य पोळलेला आहे. वतनदार हे राज्याचे वाटेकरीच असतात, दिसायला लहान पण मनाने स्वतंत्र, असा त्याचा सूर आहे. त्यांना मोडून टाका असे मात्र तो म्हणत नाही. सांभाळून, मुठीत ठेवा म्हणतो. राज्य कसे चालते हे माहीत असलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. वसुलीची वाटणी सरदारांत करून दिली, आणि ती अशी की एकाच मुलखात अनेकांचे हक्क एकमेकांत गुंतलेले राहावेत. हेतू असा की, कोणी एकटा उठून जाऊ नये. पण सरदार जसजसे लांब गेले तसतशा या गाठी सैल झाल्या. सरंजाम कागदोपत्री चाकरीबद्दल होता. चाकरी संपली की परत घेता येण्यासारखा. प्रत्यक्षात बाप गेला की मुलगा नजराणा भरून तोच सरंजाम चालवी. शिंदे, होळकर, पवार माळव्यात, गायकवाड गुजरातेत, भोसले नागपुरात. दोन पिढ्यांत प्रत्येकाचे राजवाडे, टाकसाळी, देवळे, घाट झाले. हे लोक ट्रायनसारखे बदलीवर गेले नाहीत. तिथेच राहिले, तिथेच मेले, तिथल्या नदीकाठी त्यांच्या छत्र्या आहेत.

त्यांना 'बंडखोर' म्हणणे सोपे आहे, आणि आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या तासाला मास्तर तसे म्हणतही. पण बोट दाखवणारे पेशवे तरी कोण होते? छत्रपतींचे नेमलेले प्रधान. १७२० मध्ये बापाचे पद मुलाला मिळाले, १७४० मध्ये पुन्हा तसेच, आणि १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तल्यावर सत्तेचे सगळे सूत्र पुण्याला गेले. वस्त्रे साताऱ्याहून यायची, शिक्क्यात नाव छत्रपतींचे असायचे, आणि छत्रपती साताऱ्याच्या किल्ल्यावर. गुजरातेत सेनापती दाभाड्यांना आवरण्यासाठी बाजीरावांनी १७३१ मध्ये डभईला लढाई केली, त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. मग झाले काय? दाभाड्यांचे मुतालिक गायकवाड होते, गुजरात त्यांच्याकडे गेली. नोकराच्या नोकराने घर घेतले! आणि महादजी शिंद्यांनी तर या खेळाची कमाल केली. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावाने मिळवले, स्वतः पेशव्यांचे नायब म्हणून कारभार हाती घेतला. कागदावर ते बादशहाच्या प्रतिनिधीचे प्रतिनिधी. प्रत्यक्षात बादशहा त्यांच्या पहाऱ्यात. आणि १७९२ मध्ये पुण्याला आले तेव्हा 'आम्ही साधे पाटील' म्हणत त्यांनी पेशव्यांच्या पायाशी नवे जोडे ठेवले अशी कथा सांगतात. लहानपणी ही कथा ऐकून मला भरून यायचे. आता वाटते, ते जोडे खरे होते आणि ती फौजही खरी होती. माणसाच्या मनात दोन्ही एकदम असू शकतात.

हुजुराकडेही एक उपाय होता. सरदाराच्या पदरी दिवाण, फडणीस, मुजुमदार असे दरकदार सरकारातून नेमलेले असत. सरदाराला त्यांना काढता येत नसे. हिशेब त्यांच्या हातून जायचा. म्हणजे तू लांब राहा, खर्च कर, लढ, पण वही उघडी ठेव. हा उपाय तेव्हाच लागू पडे जेव्हा पुण्यात ती वही वाचणारा कोणी असे. या वाक्यापाशी मी पुन्हा येणार आहे.

एक अपवाद सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये गेले, पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेला. गादीला वारस नाही हे पाहून राघोबादादा इंदुरावर चालून गेले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत, आणि माधवराव पेशव्यांनी त्यांचा कारभार मान्य केला. त्यांनी तुकोजी होळकरांकडे फौज दिली आणि स्वतः महेश्वरी राहून १७९५ पर्यंत राज्य केले. त्यांच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी 'श्री शंकर' असे असे. राज्य शंकराचे, आपण वहिवाटदार. देवळाच्या स्मरणिकेत हे लिहायला फार गोड वाटते, पण मी त्यावर जरा थांबून विचार केला. ज्या बाईंना हुजूर पुण्याला होता, तो लोभाने चालून येऊ शकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी मालकीच अशा ठिकाणी नेऊन ठेवली की पेशव्यालाही आपली म्हणता येऊ नये आणि स्वतःलाही. ती भक्ती होतीच. पण तिच्यात राजकारण नव्हते असे मला वाटत नाही, आणि त्यामुळे बाईंविषयीचा माझा आदर वाढतोच.

आता झाशी. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा सगळ्यात कठोर निकाल झाशीत लागला. झाशीला पेशव्यांचे सुभेदार असत. नेवाळकर घराण्याकडे ती सुभेदारी आली आणि घराण्यातच राहिली. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडातले आपले हक्क इंग्रजांना दिले, आणि इंग्रजांनी त्याच वर्षी तह करून रामचंद्ररावांना वंशपरंपरागत अधिकारी म्हणून मान्यता दिली. पुढे राजा हा किताबही दिला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. तेव्हा लॉर्ड डलहौसीने काय युक्तिवाद केला? हे मुळात राजेच नव्हेत, पेशव्यांचे सुभेदार, म्हणजे नेमलेले नोकर. पेशव्यांच्या जागी आता आम्ही. नेमणारा काढूही शकतो. राणी लक्ष्मीबाईंनी खलित्यांमागून खलिते पाठवले, १८१७ च्या तहातला शब्द दाखवला, ओर्छा-दतियाला दत्तक चालतो मग झाशीला का नाही असे विचारले. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. पुढचे सगळ्यांना माहीत आहे.

आपण झाशीची गोष्ट ऐकतो तेव्हा आपोआप राणीच्या बाजूला उभे राहतो. मीही राहतो. पण गेल्या वर्षी माझ्या लक्षात आले की, मी स्वतः डलहौसीचे बोलणे बोलतो आहे.

तर आता सातबारा.

आमचे गाव वाई तालुक्यात, कृष्णेच्या काठी. चार एकर जमीन, हळद आणि ऊस, आणि कौलारू घर. मी १९८५ मध्ये अमेरिकेत आलो. वडील १९९३ मध्ये गेले, आणि पुढच्या वर्षी मी धाकट्या भावाला कुलमुखत्यारपत्र करून दिले. घर, जमीन, आई, सगळे त्याच्या ओटीत घातले आणि आरटीपीतल्या माझ्या ऑफिसात परत येऊन बसलो. दर दोन-तीन वर्षांनी जायचो. दर वेळी तो एक लाल कापडी बांधणीची वही माझ्यापुढे ठेवायचा. "दादा, एकदा बघून घ्या." मी ती बाजूला सारायचो. भावाला हिशेब काय मागायचा! त्या वेळी मला यात माझा मोठेपणा वाटायचा.

गेल्या वर्षी एका रविवारी निवृत्त माणसाच्या उद्योगाप्रमाणे मी सरकारी संकेतस्थळावर आमचा उतारा काढला. रस्त्याकडेची दहा गुंठे जमीन त्यावर नव्हती. फेरफार २०१७ चा. माझ्या मुखत्यारपत्रावर विकलेली. मला कोणी बोलले नव्हते.

मी पुण्यातल्या एका वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "सोपं आहे. मुखत्यार म्हणजे तुमचा नोकर. अधिकार तुम्ही दिला, तुम्ही काढून घ्या. रद्द करा, नोटीस पाठवा." कायद्याने अगदी बरोबर. फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "सख्ख्या भावाला नोटीस?" मी म्हणालो, "मालक मी आहे की नाही?" आणि बोलता बोलताच मला एक दुपार आठवली.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ आले होते, पांढरे धोतर, काळी टोपी, हातात छत्री. आजोबांनी त्यांना घोंगडी अंथरून बसवले, गुळ-पाणी दिले. ते पुण्याला राहत. थोड्या वेळाने दोघे शेतात गेले. बांधावरच्या आंब्याला हात लावून ते गृहस्थ बराच वेळ उभे राहिले. जाताना आजोबांनी त्यांना हळदीचे गाठोडे दिले आणि ते त्यांनी घेतले. मी विचारले, "हे कोण?" आजोबा म्हणाले, "मालक." मग थोडे थांबून म्हणाले, "होते."

आमची जमीन कूळकायद्यातली आहे. आजोबा तिचे कूळ होते. १९४८ चा कायदा, त्याची पुढची दुरुस्ती, आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारा तो मालक. पुण्याच्या त्या गृहस्थांचे आजोबा कधीतरी नोकरीसाठी गाव सोडून गेले, जमीन आमच्या पणजोबांच्या हवाली करून. खंड पोचत राहिला, ते येत राहिले, मग कमी येत राहिले. आमच्या घरात या गोष्टीला न्याय म्हणतात. मीही आयुष्यभर म्हणत आलो. ज्याने चिखल तुडवला, त्याची जमीन. मग आता? मॉरिसव्हिलच्या तीन बेडरूमच्या घरात बसून, नातवाच्या क्रिकेटच्या वेळापत्रकात मधूनमधून गावाची आठवण काढणारा मी, त्या ओसरीवर कोणत्या बाजूला बसलो आहे?

मी याचे सगळे खापर स्वतःवर घेऊन मोकळा होणार नाही. तसे केले की माणूस फार उदात्त दिसतो आणि प्रश्न तसाच राहतो. भावाने विचारायला हवे होते. चाकरी कितीही निष्ठेची असली तरी दुसऱ्याच्या सहीचा अधिकार वापरताना त्याला सांगणे हे त्या अधिकाराचे किमान मोल आहे. रुजल्याने काही हक्क येतो हे मला पटते, पण न सांगता वापरण्याचा हक्क त्यात येत नाही. महादजींच्या जोड्यांची कथा मला अजून आवडते ती एवढ्यासाठीच. सत्ता हातात असूनही ते पुण्याला आले, समोर उभे राहिले.

डिसेंबरात मी गेलो. मनात वाक्ये तयार करून गेलो होतो. विमान आरडीयूहून सुटल्यापासून मुंबईपर्यंत तीच घोकत होतो. जेवणे झाली, भावाने नेहमीप्रमाणे वही आणून ठेवली. या वेळी मी उघडली. २०१७ चे पान शोधायला वेळ लागला नाही. दहा गुंठ्यांची रक्कम डावीकडे. उजवीकडे आईच्या कंबरेचे ऑपरेशन, रात्रीच्या बाईचा पगार, चौदा महिन्यांची औषधे, विहिरीची जळालेली मोटार. आई २०१८ मध्ये गेली, त्या पानावर तेराव्याचा खर्च. शिल्लक काही नाही.

"मला का सांगितलं नाहीस?" मी म्हणालो.

"सांगितलं होतं, दादा. फोनवर म्हटलं, रस्त्याकडंचं काढावं लागंल. तुम्ही म्हणालात, तुला योग्य वाटेल ते कर. तुमच्याकडं कुणीतरी पाहुणे बसले होते."

मला तो फोन आठवत नाही. असे वाक्य मात्र मी त्याला शेकडो वेळा बोललेलो आहे हे आठवते. पैसे मी पाठवू शकलो असतो, सहज. त्याने मागितले नाहीत, आणि मी विचारले नाही. त्याने का मागितले नाहीत हे मी त्याला त्या रात्री विचारले तेव्हा तो उठून गोठ्याकडे गेला.

वकिलांनी दोन कागद तयार करून दिले आहेत. एक मुखत्यारपत्र रद्द करण्याचा, दुसरा हक्कसोडपत्राचा मसुदा, तो मी मागितला म्हणून. दोन्ही माझ्या टेबलावर आहेत. मुलगी म्हणते, "बाबा, भाग लिहून देऊन टाका काकांना, आमच्यापैकी कोण जाणार आहे तिकडे?" तिचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. तरीही सही होत नाही. दान दिल्यासारखे होईल याची भीती वाटते. जे माझे उरले आहे की नाही हेच ठरलेले नाही ते दान कसे द्यायचे? आणि नुसते सोडून दिले तर, वही न वाचता बाजूला सारली तसेच ते पुन्हा होईल.

सध्या एवढेच ठरले आहे की, दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, पुतण्या त्या वह्यांच्या पानांचे फोटो पाठवतो. एकूण सात वह्या आहेत, १९९४ पासूनच्या. मी वाचतो, न कळलेले विचारतो, भाऊ फोनवर सांगतो. कधी हळदीच्या भावावरून वाद होतो, कधी वडिलांची गोष्ट निघते आणि तासभर जातो. आत्ता आम्ही २००३ पर्यंत आलो आहोत. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता.